छपराखालचं पर्यावरण
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शहराशहरांची तुलना करणं हा आपला जुना छंद. पुण्याची थंडी, कोल्हापूरचा तांबडा रस्सा, सोलापूरचं ऊन, असं आपण पूर्वी बोलत असू. आता हे काम सरकारच करतं. २०१६ साली स्वच्छ सर्वेक्षण सुरू झालं तेव्हा म्हैसूर पहिलं आलं. पुढच्या वर्षीपासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा पहिला नंबर इंदूरचा. शेवटच्या वर्षी तेवढं सुरतेला वाटेकरी करून घेतलं. हवेच्या शुद्धतेसाठी २०१९ मध्ये केंद्रानं शहरांची यादी केली, त्यात आमच्या सोलापूरचंही नाव आलं. महाराष्ट्रात २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान आहे. मुंबईनं २०२२ च्या मार्चमध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा जाहीर केला. एकूण काय, कोणतं शहर पर्यावरणाबाबत किती जागरूक आहे, हे मोजायच्या पट्ट्या आता भरपूर आहेत.

या याद्या मी आवडीनं वाचतो. कचरा किती उचलला, झाडं किती लावली, धूळ किती उडते, सगळं त्यात सापडतं. मला त्यात आणखी एक रकाना हवा आहे. त्या शहरातल्या शाळांची छपरं किती वर्षांची आहेत आणि त्यांच्याकडे शेवटचं कोणी वर चढून कधी पाहिलं?

तुम्ही म्हणाल, हा तर बांधकाम खात्याचा विषय; पर्यावरणाशी त्याचा काय संबंध? संबंध सांगतो. आणि आधी हेही सांगून टाकतो की मी कवी माणूस आहे. मराठी घेऊन बी. ए. झालो. स्लॅब आणि सळई हा माझा प्रांत नव्हे. पण कवितेच्या निमित्तानं गेली पंचवीस वर्षं मी शाळाशाळांतून फिरतोय. सोलापुरात तर मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चारही माध्यमांच्या शाळा आहेत. भाषा बदलते, पण भिंतीवरचं चित्र तेच असतं. हिरवं झाड, निळी पृथ्वी आणि खाली ‘झाडे लावा, झाडे जगवा’. आणि बऱ्याच ठिकाणी त्या पृथ्वीच्या डोक्यावर ओलीचा एक मोठा नकाशा उमटलेला असतो. छतातून झिरपलेलं पाणी भिंतीवरून उतरलेलं असतं.

पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा झाला तो सर्वोच्च न्यायालयामुळे. १९९१ साली न्यायालयानं तसा आदेश दिला आणि २००३ मध्ये अंमलबजावणीसाठी पुन्हा कान पिळले. आज तिसरीतलं पोरही घडाघडा सांगतं, ‘आपल्या सभोवती जे जे आहे ते म्हणजे पर्यावरण.’ मग त्या पोराच्या सभोवती काय आहे? शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान ८०० तास आणि सहावी ते आठवीसाठी १००० तास शिकवणं ठरवून दिलं आहे. गुणाकार करून बघा. आठवी होईपर्यंत एक मूल सात हजार तास एका छपराखाली काढतं. त्याच्या वाट्याचं पर्यावरण आधी ते छप्पर आहे. जंगल, नदी, ओझोनचा थर हे सगळं त्याच्या पलीकडे.

आता हे छप्पर म्हातारं कसं होतं, ते थोडं समजून घेऊ. मला हे आमच्या मोहल्ल्यातल्या एका वृद्ध गवंडी चाचांनी शिकवलं. त्यांचा हात मोठमोठ्या बांधकामांवर फिरलेला होता आणि त्यांचं सगळं शास्त्र एका हातोडीत मावत असे. ते छताला हातोडीनं हलकेच ठोकायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. भरीव आवाज आला तर पुढे सरकायचे, पोकळ आला की खडूनं गोल काढायचे. ‘कान लगाके सुन बेटा, स्लॅब बोलता है,’ म्हणायचे. पुढे एका अभियंता मित्रानं सांगितलं की तपासणीची ही पहिली पायरी आजही अशीच असते. यंत्रं त्यानंतर येतात.

आपल्याकडच्या सर्वांत जुन्या शाळा दगड-चुन्याच्या. चुना घाणीत मळलेला, भिंती हात-दीड हात रुंद, वर सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं. ही कौलं बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगलोरला कारखाना काढला तेव्हापासून पश्चिम किनारा धरून सगळीकडे पसरली. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर अंजुमन-इ-इस्लामची १८९३ ची इमारत आहे; तिच्या समोरून रोज लाखो माणसं जातात. अशा इमारतींत उन्हाळ्यात शिरलं की अंगाला गारवा लागतो. उंच छत, झरोके, जाड भिंत. दिवसभराचं ऊन भिंतीतच अडकून राहतं. या इमारतींचे शत्रू तीन. वाळवी, तुंबलेली पन्हाळ आणि भिंतीत उगवलेला पिंपळ.

पिंपळाबद्दल जरा सांगायला हवं. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडतं, चुन्याच्या सांध्यात रुजतं आणि पाच-सात वर्षांत मूळ भिंत फोडून आत येतं. शाळेत सगळ्यांना तो दिसतो, पण हात कोणी लावत नाही. ‘तो काढून मैदानात लावा,’ असं मी सुचवलं तर लोक आधी माझ्या नावाकडे बघतात. म्हणून हल्ली हे वाक्य बोलायला मी एका निवृत्त मुख्याध्यापक मित्राला पुढे करतो. त्यांनी सांगितलं की लगेच पटतं.

दगडी शाळांहून आजची मोठी काळजी आहे ती सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या स्लॅबच्या शाळांची. त्या काळी शिक्षण गावोगाव पोचवायचं होतं, पैसा थोडा होता आणि घाई खूप होती. काँक्रीट म्हणजे कायमचं, असा तेव्हा सगळ्यांचाच समज होता. प्रत्यक्षात काँक्रीटच्या पोटात लोखंडाची सळई असते आणि तिचं रक्षण करतो तो सिमेंटचा क्षारगुण. सिमेंट ताजं असतं तोवर सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं हळूहळू काँक्रीटमध्ये झिरपतो आणि तो क्षारगुण मारून टाकतो. त्यात गच्चीचा कोबा फुटलेला असला की पाणी मिळतं. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, तो फुगतो आणि खालचं काँक्रीट ढकलून देतो. आधी बारीक चीर, मग तांबूस डाग, मग पोपडे, मग एखाद दिवशी पाटीएवढा तुकडा.

इथे तुमच्या लक्षात आलं असेल. पर्यावरणाच्या तासाला गुरुजी फळ्यावर ज्या वायूचं नाव लिहितात, तोच वायू डोक्यावरचा स्लॅब खात असतो. वाहनांच्या गर्दीच्या शहरात तो जास्त असतो, म्हणून तिथलं काँक्रीट लवकर थकतं. शाळेचं छप्पर आणि पर्यावरण हे दोन विषय वेगळे आहेत असं मला त्यानंतर वाटेनासं झालं.

एका शाळेत, नाव सांगत नाही, वनमहोत्सवाच्या आठवड्यात मला बोलावलं होतं. रोपं आली, फोटो निघाले, मुलं खड्ड्यांभोवती उभी होती आणि मी कविता म्हणत होतो. तेवढ्यात आतून धप्पकन आवाज आला. रिकाम्या वर्गात छताचा पोपडा दुसऱ्या बाकावर पडला होता. बाकाची फळी फुटली. ‘झाडानं वाचवलं हो पोरांना,’ असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो असेन. मुलांना त्या दिवशी व्हरांड्यात बसवलं. दुसऱ्या वर्षी गेलो तेव्हा तुकडा पडला त्या जागी सिमेंट चोपडून वर रंग दिला होता. सळया तशाच होत्या, फक्त दिसत नव्हत्या.

सगळीकडे असा रिकामा वर्ग मिळत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात निंबोडीला शाळेचं छत पडून तीन मुलं गेली. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेची इमारत कोसळली, सात मुलं गेली. दुसऱ्याच दिवशी केंद्रानं देशभरातल्या शाळांची सुरक्षा तपासणी करण्याचे आदेश काढले. २००४ मध्ये तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरातून गवती छपराला आग लागली आणि ९४ मुलं जळाली. त्या प्रकरणावरून २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुरक्षित इमारतीत शिकणं हा मुलांच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे.

आता तुलनेकडे येतो. मी निवडलेल्या शहरांत पहिला दुसरा असे नंबर लावणार नाही. मला बघायचं आहे ते एवढंच, की कोणत्या शहराला कशानं जाग आली आणि जाग आल्यावरही काय दिसायचं राहिलं.

अहमदाबाद घ्या. सोलापूरसारखंच गिरण्यांचं आणि उन्हाचं शहर. २०१० च्या मे महिन्यात तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले, असं नंतरच्या अभ्यासात दिसून आलं. पुढे २०१३ साली तिथल्या महापालिकेनं उष्णतेशी सामना करायचा आराखडा केला. दक्षिण आशियातला असा हा पहिलाच. दवाखान्यांना सूचना, लोकांना आगाऊ इशारे, पाण्याची सोय असं सगळं त्यात होतं. २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतली तीन हजार छपरं पांढरी करायचा उपक्रम त्यांनी घेतला. भर उन्हात काळवंडलेला स्लॅब साठ अंशांपर्यंत तापतो आणि मग रात्रीपर्यंत ती आग खाली सोडत राहतो. त्यावर चुन्याची सफेदी दिली तर खोलीतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं. खर्च म्हणाल तर चुना, पाणी, कुंचला आणि एका दिवसाची मजुरी. तेलंगणानं तर २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. आमच्याकडे माळवदावर दर वर्षी पांढरी माती घालायची पद्धत होती, तीही याच जातीची अक्कल. नागपूरनं २०१६ मध्ये अहमदाबादचा कित्ता उचलला. पण शाळेचं काय? आपण ‘सकाळची शाळा’ करतो आणि सुटतो. २०२५ साली राज्यात वार्षिक परीक्षा एप्रिलच्या अखेरीपर्यंत ओढल्या, तेव्हा पालकांनी उन्हाबद्दल तक्रारी केल्या. तारखांवर पुष्कळ बोलणं झालं. वर्ग थंड कसा ठेवायचा, यावर फारसं कोणी बोलल्याचं मला आठवत नाही.

याच अहमदाबादनं २६ जानेवारी २००१ चा भूकंपही पाहिला. भूकंपाचा केंद्रबिंदू तिकडे कच्छात, दोनशेहून अधिक किलोमीटरवर. तरी शहरात सातशेहून जास्त माणसं मेली, त्यांत शाळेची इमारत पडून गेलेली मुलंही होती. म्हणजे या शहरानं छपराचे दोन्ही धोके पाहिले. तरी तापणाऱ्या छपराचा कागद एका कपाटात आणि पडणाऱ्या छपराचा दुसऱ्या कपाटात, अशी आपल्याकडच्या कारभाराची रीत आहे.

माळवदाचं मी आत्ता कौतुक केलं, पण त्याची दुसरी बाजू लातूर-उस्मानाबादच्या लोकांना, म्हणजे आताच्या धाराशिवकरांना, विचारा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा माणसं दबली ती याच जड माळवदांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. उन्हाळ्यात जे घर गार, तेच त्या पहाटे जिवावर उठलं. जुनं ते सगळं पर्यावरणस्नेही आणि म्हणून चांगलं, असं आजकाल मासिकांतून फार छापून येतं. त्यांनी एकदा किल्लारीच्या बाजूला जाऊन यावं.

किल्लारीनंतर सव्वा वर्षानं जपानात कोबे शहर हादरलं. १७ जानेवारी १९९५, वेळ तिथेही पहाटेचीच, पावणेसहाची. सहा हजार चारशेहून अधिक माणसं गेली. शाळा बंद होत्या म्हणून मुलं वाचली आणि हा निव्वळ योगायोग आहे हे जपान्यांनी ओळखलं. २००२ मध्ये त्यांनी शाळांची मोजदाद केली. सार्वजनिक प्राथमिक आणि माध्यमिक शाळांच्या इमारतींपैकी भूकंपाला टिकतील अशा फक्त ४४.५ टक्के निघाल्या. मला यातलं विशेष वाटतं ते असं की हा आकडा त्यांनी जाहीर केला. २००८ साली चीनमध्ये सिचुआनला भूकंपात पाच हजारांहून अधिक विद्यार्थी मेले, त्या वर्षी जपान सरकारनं या कामाचं अनुदान निम्म्यावरून दोन तृतीयांशावर नेलं. २०१५ पर्यंत आकडा ९५ टक्क्यांच्या पुढे गेला होता.

हे त्यांनी केलं कसं? पाडून बांधलं असेल, असा आपला अंदाज. बहुतेक ठिकाणी पाडलं नाही. जुन्या इमारतीला खिडक्यांच्या बाहेरून लोखंडी तिरप्या पट्ट्यांचे आधार दिले, भिंती जाड केल्या, खांबांना वेढे घातले. जपानी शाळांच्या फोटोंत खिडकीवर मोठी फुली मारल्यासारखं दिसतं ना, तेच ते. पर्यावरणाच्या बाजूनंही हेच शहाणपणाचं. जगभरात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला सुमारे आठ टक्के एकट्या सिमेंटचा असतो. धडधाकट करता येण्याजोगी इमारत पाडून नवी बांधली की वातावरणावर पुन्हा तेवढं ओझं. शिवाय तिकडे आपत्तीत गल्लीतली सगळी माणसं आसऱ्याला शाळेतच येतात. त्यामुळे शाळेचं छप्पर हा मूल नसलेल्या म्हातारा-म्हातारीच्याही काळजीचा विषय असतो. निवडणुकीत मतदान केंद्र म्हणून तेवढी शाळा आठवणाऱ्या आपल्या समाजाला हे जरा नवलाचं वाटेल.

पण जपानचे गोडवे गाताना एक सांगायला हवं. भूकंपाकडे इतकं लक्ष देणाऱ्या या देशात २०१८ च्या जुलैमध्ये टोयोटा शहरात पहिलीतलं एक मूल शाळेच्या सहलीवरून परत आल्यावर उष्माघातानं गेलं. त्या सुमारास तिथल्या निम्म्याच्या आसपास वर्गांतच वातानुकूलन होतं. दोन वर्षांत ते ९० टक्क्यांच्या वर नेलं. धक्क्यासाठी मोजणी आधी, उन्हासाठी मात्र मरण आधी.

इंग्लंडची गोष्ट याहून वेगळी. १९५२ च्या धुक्यानं लंडनमध्ये हजारो बळी घेतले आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. अलीकडे २०१९ पासून लंडनमध्ये जुन्या धूर ओकणाऱ्या गाड्यांवर शुल्क आहे आणि शाळेजवळची हवा किती वाईट आहे, हेही शहर मोजतं. अशा जागरूक देशात ३१ ऑगस्ट २०२३ रोजी, म्हणजे सुट्टी संपून शाळा उघडायच्या तोंडावर, सरकारनं शंभरावर शाळांना सांगितलं की तुमच्या इमारतीतला अमुक भाग ताबडतोब बंद करा. लंडनच्या शेजारच्या एसेक्समध्ये अशा शाळा सर्वांत जास्त. कारण काय, तर छतात वापरलेलं हलकं, आत बुडबुडे असलेलं काँक्रीट. पाव जसा जाळीदार असतो तसं ते असतं. खडी नाही, वजन कमी, किंमत कमी. पन्नासच्या दशकापासून पुढे तीन-चार दशकं सपाट छतांसाठी ते सर्रास वापरलं गेलं. त्याचं आयुष्य साधारण तीस वर्षांचं धरलं जात होतं. २०१८ मध्ये केंट परगण्यात एका शाळेचं असं छत शनिवारी पडलं, म्हणून कोणाला इजा झाली नाही. तरी पूर्ण जाग यायला आणखी पाच वर्षं लागली. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी जून २०२३ मध्ये सांगितलं होतं की सुमारे २४ हजार शालेय इमारती आपलं मूळ ठरलेलं आयुष्य ओलांडून गेल्या आहेत. श्रीमंत देशातली ही स्थिती. बाहेरची हवा मोजली, पण डोक्यावरचं छत राहून गेलं.

तीस वर्षांचा हा आकडा लक्षात ठेवा. मुंबई महापालिकेच्या कायद्यातही तीस वर्षांहून जुन्या इमारतीची रचनात्मक तपासणी करून घेण्याचं बंधन आहे. म्हणजे मुद्दा आपल्याला माहीत नाही असं नाही.

पॅरिसचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं, कारण ते अंगणापासून सुरू होतं. २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये उष्णतेनं सुमारे पंधरा हजार माणसं गेली. पॅरिस म्हणजे घरांना घर चिकटलेलं शहर. मोकळी जागा ती शाळांच्या अंगणांची, मिळून सत्तरेक हेक्टर, आणि त्यातल्या बहुतेक भागावर डांबर. २०१७ मध्ये शहरानं ठरवलं की हे डांबर खणून काढायचं, खालची माती उघडी करायची, झाडं लावायची, पाणी मुरू द्यायचं आणि काही अंगणं सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या लोकांना खुली करायची. नाव दिलं ‘ओअॅसिस’. आता आपल्याकडे बघा. शाळेला पैसे आले की पहिलं काय होतं? मैदानावर पेव्हर ब्लॉक! चिखल होत नाही, ‘आदर्श शाळा’ झाल्यासारखं वाटतं. पाऊस मुरत नाही, भिंतीच्या पायाशी तुंबतो, आणि एप्रिलमध्ये ते ब्लॉक तव्यासारखे तापतात. तिकडे डांबर उखडतायत, इकडे आम्ही माती झाकतोय.

एका छपराबद्दल बोलायचं राहिलं, ‘सिमेंटचा पत्रा’. हे नाव फसवं आहे. त्या पत्र्यात अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा धड असेपर्यंत ते बांधलेले राहतात. फुटला, करवतला, झिजला की धूळ होऊन श्वासात जातात, आणि फुप्फुसाचा आजार दिसायला वीस-तीस वर्षं लागतात. १९९३ साली न्यू यॉर्कमध्ये शाळांतल्या अॅस्बेस्टॉसची तपासणी बिनभरवशाची निघाली, तेव्हा शाळा उघडणंच दीड-एक आठवडा पुढे ढकललं. फ्रान्सनं १९९७ मध्ये, ब्रिटननं १९९९ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे वापरावर सरसकट बंदी नाही. म्हणून पत्रा फुटला तर मुलांकडून तुकडे गोळा करून घेऊ नका, झाडूनं कोरडा झाडू नका. ओला करून, मुलं घरी गेल्यावर, मोठ्या माणसानं तोंडाला बांधून उचलावा. स्वच्छता मोहिमेत पोरांच्या हातात असे तुकडे मी पाहिले आहेत.

आपल्या जिल्हा परिषद शाळांत मोडकळीस आलेल्या खोलीचं पुढे काय होतं, हेही माहीत असावं. खोली सरकारी मालमत्ता असल्यानं ती पाडायची तर आधी तिचं ‘निर्लेखन’ व्हावं लागतं, म्हणजे नोंदवहीतून ती उतरवावी लागते. मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, बांधकाम विभागाच्या अभियंत्याची पाहणी, मग वरची मंजुरी. तोवर खोली धोकादायक असते, पण कागदावर उभी असते. कागदावर खोली आहे म्हणून नवी मिळायला अडचण. मुलं मग समाजमंदिरात, देवळाच्या ओवरीत, कुठे मशिदीच्या आवारातसुद्धा बसतात. या बाबतीत गावं एरवीपेक्षा समजूतदार वागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शिवाय प्रत्येक शाळा दर वर्षी ‘यू-डायस’ची माहिती भरते. त्यात वर्गखोल्यांचे प्रकार असतात: चांगली, किरकोळ दुरुस्तीची, मोठ्या दुरुस्तीची. हा रकाना भरतात शिक्षक. ज्यांनी मराठी किंवा गणित शिकवायचं त्यांनी सळईच्या तब्येतीचा दाखला द्यायचा! किरकोळ आणि मोठी यातली रेघ छताला ठोकून पाहिल्याशिवाय कशी कळणार?

तुमच्या मुलाच्या शाळेत हा रकाना कसा भरला आहे, ते तुम्ही विचारू शकता. शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. तिथे मांडायचं, आणि वेळापत्रक सांभाळून मांडायचं. जुलै-ऑगस्टात ओल दिसेल तिथे खडूनं खूण करून तारीख घाला आणि फोटो काढा. ऑक्टोबरपर्यंत भिंत वाळते, रंग मारला जातो आणि पुरावा जातो. दिवाळीच्या सुट्टीत अभियंत्याची पाहणी मागा, तीही लेखी. जिल्ह्याचे आराखडे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत ठरतात, त्याआधी अंदाजपत्रक पोचायला हवं. काम मे महिन्यात. गच्चीची सफेदी मात्र कोणाच्या मंजुरीसाठी थांबवू नये. होळीनंतर एका रविवारी चार पालकांनी वर चढलं तरी होते. तेवढ्यासाठी चढलात की पन्हाळीही साफ करा, आणि कोबा कुठे फुटलाय ते बघून घ्या. नवा कोबा घालायचा असेल तर तो मेच्या पहिल्या पंधरवड्यातच घालावा. त्याला पुष्कळ दिवस पाणी मारावं लागतं, आणि मग पहिला पाऊस यायच्या आत तो नीट वाळला पाहिजे.